नवीचं डोकं

७ फेब्रुवारी

ताई,

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस, मेसेज पोचत नाहीत, म्हणजे तू मला ब्लॉक केलंयस हे कळण्याइतका मी हुशार आहे. मग तुझ्या त्या चष्मेवाल्या मैत्रिणीला गाठलं. आधी म्हणाली, "मला पत्ता माहीत नाही." मी तिच्या स्कूटरवर मागच्या सीटवर जाऊन बसलो. म्हटलं, पत्ता मिळेपर्यंत उतरत नाही, पाहिजे तर घेऊन जा ऑफिसला, डबा मी धरतो. मिळाला लगेच पत्ता. तिच्यावर चिडू नकोस, तिला उशीर होत होता.

मला नोकरी लागली. गाद्यांच्या दुकानात. काम काय, तर गादीवर पाण्याचा ग्लास ठेवायचा, शेजारी आपण धाडकन पडायचं आणि पाणी सांडत नाही हे गिऱ्हाइकाला दाखवायचं. जन्मभर आई ओरडत आली, "लोळत पडलेला असतोस नुसता." आता त्याचाच पगार मिळतो. काल काचेमागच्या गादीवर इतका निपचित पडलो की एक आजी आत येऊन मालकांना म्हणाल्या, "पुतळा झकास आहे, पण केस तरी विंचरायचे त्याचे." मी डोळे उघडले. आजींनी पिशवी घातली डोक्यात. गादी मात्र घेऊन गेल्या.

घरी सगळं ठीक. आई ठणठणीत.

तुझं बाहुल्यांचं कपाट जागच्या जागी आहे. रुसकी, बाईसाहेब, जागरण, तिघी उभ्या. मध्ये तू नेलेल्या थोरलीचा स्टँड रिकामा. आई त्या काचेकडे बघायची नाही. पुसायचीसुद्धा नाही, तिच्या घरात धूळ, म्हणजे बघ. मग मी कपाट उघडलं. शिव्या दे. कामाला जाताना रोज एकीला वेगळं बसवून जायचो. गोट्यांचे सांधे, वळवाल तसं राहणार. बाईसाहेबांना रुसकीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपवलं. जागरणचे दोन्ही हात कानावर ठेवले, जसं काही आई ओरडतेय. आईने घाबरावं, किंचाळावं, निदान मला चपलेने मारावं एवढीच अपेक्षा होती. घरात फार शांत असतं गं.

चप्पल काही आली नाही. पण परवा संध्याकाळी आलो तर जागरण कानावर हात ठेवून नव्हती. गुडघ्यात मान घालून बसली होती. मी नव्हतं केलं. घरात आम्ही दोघंच. भूत असेल तर फार हळव्या मनाचं भूत आहे.

तुझा
टिवल्या


२ मार्च

ताई,

उत्तर नाही. चालेल. चष्मेवालीने चुकीचा पत्ता दिला असेल तर कुठल्यातरी परक्या बाईला आमच्या घरची खडान्‌खडा बातमी कळतेय. बाई, वाचत असाल तर नमस्कार.

बाईसाहेबांनी आजारपण काढलं. उभ्याच राहीनात. मान खांद्यात गेलेली, गुडघे बाहेर, फुकटचं जेवून जागा न सापडलेल्या पाहुण्यासारख्या. मी आईला म्हटलं, "तुझ्या लेकीची बाहुली मेली."

"मेल्या, आतलं इलॅस्टिक सैल पडलंय. लेंग्याची नाडी सैल झाली म्हणून माणूस मरतो का?"

म्हणजे तिला ठाऊक होतं आत इलॅस्टिक असतं ते! मी काही बोलायच्या आत तिने शिवणाचा डबा काढला, त्यातून बारीक इलॅस्टिक आणि विणकामाची आकड्याची सुई. टेबलावर चादर घालून बाईसाहेबांना उताणं झोपवलं. एकदम ऑपरेशन. मान काढली, आतला आकडा सोडवला, इलॅस्टिक पायातून वर ओढायचं, धडातून काढायचं, मानेत अडकवायचं. आई म्हणाली, "तू ओढून धर, मी गाठ मारते." थोड्या वेळाने, "तू मार गाठ, मी धरते." आणखी थोड्या वेळाने, "तूच धर, तूच मार, मी सांगते कसं ते."

मला दोनच हात. सुटलं. तंगडी उडून थेट आईच्या चहात. डोकं शिलाई मशीनखाली घरंगळत गेलं. आई हसली, ताई. तोंडावर हात ठेवून, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

शेवटी केलं उभं. डावा पाय उजवीकडे लागलाय बहुतेक. बाईसाहेब आता एकाच वेळी येतात पण आणि जातात पण.

आई ठणठणीत आहे हे मागे लिहिलंच होतं. हात जरा आखडतात, थंडीमुळे, असं ती म्हणते. थंडी केव्हाच गेली. बरण्यांची झाकणं मी कामाला जाण्याआधी सैल करून ठेवतो, तिला कळू न देता. तिला कळतं. काल म्हणाली, "ही झाकणं हल्ली ढिली का पडतात, बदलायला हवीत." मी म्हटलं, हो, बदलू.

टिवल्या


२१ मार्च

ताई,

हे सांगायचं नाही अशी शपथ घातलीय आईने. शपथ तिने स्वतःच्या गळ्याची घातली असती तर पाळली असती. पण तिने माझ्या गळ्याची घातली, आणि माझ्या गळ्याचं मी बघून घेईन.

आई बाहुली मागवतेय.

खोटं नाही. मला माहीत आहे माझ्या शब्दाला या घरात काय भाव आहे. पण ऐक. रविवारी मला म्हणाली, "त्या बाहुल्या विकतात ते दाखव बरं फोनवर." मला वाटलं विकायला काढतेय तुझ्या. मी म्हटलं, नेट गेलंय. म्हणाली, "मग तू तो माणूस पडतो त्याचा व्हिडिओ कशावर बघत होतास आत्ता?" दाखवल्या. चष्मा लावून एकेक बघत होती, भाजी निवडावी तशी. "हिची कंबर वळते का? हिचे हात बारीक आहेत, तुटतील. ही थोरलीच्या मापाची आहे का?" मापाची पाहिजे, दुसरं काही नको. बाकीच्यांच्या ओळीत उंच किंवा बुटकी दिसायला नको.

एक ठरली. मी ऑर्डर भरत होतो. तिथे विचारतात, चेहरा रंगवून हवा की कोरा. मी रंगवलेलावर बोट ठेवलं. आईने माझं मनगट धरलं.

"कोरा घे."

"अगं कोरा म्हणजे भुवया नाहीत, ओठ नाहीत, काही नाही. उकडलेल्या अंड्यासारखं तोंड येईल."

"माहितीय मला. चेहरा ती करते."

"ती येणार आहे?"

आईने चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाली, "बाहुली यायला किती दिवस लागतात म्हणालास?"

ऑर्डर आल्यावर साच्यात ओततात, मग घासतात, महिनोन्‌महिने लागतात, असं लिहिलं होतं. सांगितलं.

"मग वेळ आहे की," म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

आणखी एक. इतके दिवस आई सगळ्यांना सांगायची, "एका बाहुलीवरून घर सोडलंन् पोरीने." परवा शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "मी दिली तिची बाहुली दुसऱ्याच्या पोरीला खेळायला. तिला न विचारता. वर म्हटलं, खेळण्यासाठीच असतात बाहुल्या, कवळ्या बनवायची चांगली नोकरी सोडून कसली भातुकली मांडलीस." जसं घडलं तसं. मावशीची नात, बॉलपेन, थोरलीचा चेहरा, सगळं. काकूंना घरी जायची घाई झाली एकदम.

तू ऐकायला हवं होतंस. म्हणून लिहितोय, बाकी शपथ मोडायची मला हौस नाही.

हाताचं: डॉक्टरने सांगितलं की सांध्यांचं दुखणं आहे, बरं होत नाही, धरून ठेवता येतं. आईने विचारलं, "कशाने धरून ठेवायचं, हातच धरत नाहीत." डॉक्टर हसले. त्यांना वाटलं विनोद केला.

टिवल्या


१४ जुलै

ताई,

आली.

खोकं मोठं, बाहुली लहान, मध्ये फुगे-फुगेवाला प्लास्टिकचा कागद. तो मी फोडत बसलो तर आईने हातावर मारलं. म्हणजे मारायला गेली आणि स्वतःच "आई गं" म्हणाली. मग मी स्वतःच स्वतःला मारून घेतलं, तिच्या वतीने.

काय गोरी आहे! दुधाचा दात कसा असतो तशी. बोटांना नखंसुद्धा आहेत. आणि तोंड, मी म्हटलं होतं तसंच. नाक आहे, ओठांचा उंचवटा आहे, पण रंग कुठेच नाही, आणि डोळ्यांच्या जागी भोकं. डोळे वेगळ्या डबीत, काचेचे, राखाडी. आईने नवीला मांडीवर घेतलं आणि तिच्या एकेक सांध्याची गोटी फिरवून बघितली. मनगट, कोपर, गुडघा. "कशी सरसर फिरते बघ," म्हणाली. मी काहीतरी चावट बोलणार होतो. त्याऐवजी मीही तिचं एक कोपर फिरवून बघितलं.

नाव आपोआप पडलं, नवी. थोरलीच्या स्टँडवर उभी केली. रुसकी तिच्याकडे रागाने बघतेय, पण ती सगळ्यांकडेच तशी बघते, तूच केलीयस तशी.

आई तिच्यासाठी कोट शिवतेय. मशीनवर चादर घालून ठेवलीय हिवाळ्यापासून, गिऱ्हाइकांचे कपडे येईनासे झालेत. कोट हातशिलाईने. बोटभर बाही, उभी कॉलर. सुईत दोरा मी ओवून ठेवतो, जाताना गादीसारखी एक उशी घेऊन त्यात पंधरा-वीस सुया टोचून ठेवतो ओवलेल्या. येईपर्यंत त्यातली एखादी संपलेली असते. कधी एकही नाही. मी म्हणतो, "दे इकडे, मी शिवतो." म्हणते, "तू शिवलंस तर ती एकाच वेळी येईल आणि जाईल."

गेल्या रविवारी मावशी आली, नातीला घेऊन. मावशी कपाटासमोर उभी राहून म्हणाली, "अगंबाई, हिला डोळेच नाहीत! अशुभ दिसतं गं. आणि तुला काय या वयात बाहुल्यांचं वेड लागलं? पोरीचं तुला लागलं की काय?" तेवढ्यात नातीने कपाटाची काच सरकवली.

"हात लावायचा नाही!"

आईचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. माझ्यावरसुद्धा नाही, आणि माझ्यावर तिने सगळे आवाज करून बघितलेत. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. मावशी म्हणाली, "लहान आहे ती. बाहुली आहे ती."

आई म्हणाली, "बाहुली आहे. पण तिची नाही."

मावशी चहा अर्धा टाकून गेली. आई नंतर बराच वेळ कप धरून बसली. धरून म्हणजे दोन्ही तळव्यांमध्ये, तिला आता तसाच धरता येतो.

ताई, ती एवढं तुझ्यासमोर नाही बोलली, माहीत आहे मला. पण बोलली.

तू आलीस तर दोन दिवसांचं काम आहे. खडूची पूड, बारीक ब्रश, तो रंग पक्का करायचा वासाचा फवारा, सगळं तुझ्या खणात आहे. मी गच्चीवर बसून सिगारेट ओढतो असं आई म्हणते, मी ओढत नाही, पण तू तिथे बसून फवारा मार, मी मास्क लावून पहारा देईन.

टिवल्या


१९ ऑगस्ट

ताई,

सोबत डोकं पाठवतोय. किंचाळू नकोस. नवीचं आहे.

तूच सांगितलं होतंस ना एकदा, लोक तुला नुसती डोकी पाठवतात पोस्टाने, तू चेहरा करतेस आणि परत पाठवतेस. मला तेव्हा वाटायचं आपल्या घरी खुन्यांची टोळी राहते. आता म्हटलं, तू येत नाहीस तर डोक्यालाच पाठवू. आकडा सोडवताना मी इलॅस्टिक पेन्सिलीला गुंडाळून ठेवलंय, म्हणजे आत धडात जाऊन बसणार नाही. बघ, शिकलो की नाही.

डोकं मोज्यात घातलंय. मोजा धुतलेला आहे. एकच आहे, दुसरा सापडला नाही.

आईला सांगितलेलं नाही, धूळ बसते म्हणून नवीवर रुमाल टाकून ठेवलाय. सांगितलं असतं तर नको म्हणाली असती. ती म्हणते, "तिला वाटेल तेव्हा येईल, मागे लागायचं नाही." आणि दार वाजलं की आधी स्वतःचे केस नीट करते. पोस्टमन, गॅसवाला, मी, कोणासाठीही.

तुझा राग तुझ्याजवळ ठेव, मी मागत नाही. नुसत्या भुवया काढल्यास तरी चालेल. एक काढलीस तरी. रुसकीला तुझ्या हातून चुकून एक भुवई वर गेली होती, आणि तिचं तेच सगळ्यांना आवडतं.

टिवल्या


३० ऑगस्ट

ताई,

डोकं मिळालं का? मिळालं असेल तर कळव, कारण इथे माझं जायची वेळ आलीय.

आईने कोट नवीच्या अंगावर घालून बघायला कपाट उघडलं, रुमाल काढला. नवी स्टँडवर उभी, मानेतून पेन्सिल बाहेर. आई शांतपणे म्हणाली, "मुंडकं आण."

मी खरं सांगितलं. पहिल्यांदाच, विचारताक्षणी, एका दमात खरं. "ताईला पाठवलंय, पोस्टाने."

"आण म्हटलं ना."

"आई, खरंच पाठवलं."

तिने पिठाच्या डब्यात हात घातला. कारण मागे एकदा मी तिचा चष्मा पिठात लपवला होता. मग तांदळात. मग माझ्या बुटांत, फ्रीजमध्ये, पाण्याच्या टाकीत. बाबांच्या फोटोच्या मागेसुद्धा बघितलं. मी तिच्या मागे मागे, "अगं नाहीये, अगं पाठवलंय." जेवढं खरं बोलावं तेवढं खोटं वाटतं माझ्या तोंडून, जन्मभराची कमाई आहे ती. पोस्टाची पावती खिशात होती, पँट धुतली, तिचा लगदा झाला. लगदा दाखवला. म्हणाली, "हे काय, नाक?"

दुसऱ्या दिवशी दुकानात आली. मी गादीवर होतो, एक नवरा-बायको समोर, ग्लास भरलेला. आई सरळ आत येऊन उशा उचलायला लागली. एकेक उशी उचलायची, खाली बघायचं, चाचपायची. तिच्याने उशी नीट पकडवत नव्हती, दोन्ही मनगटांत दाबून उचलत होती. मालक म्हणाले, "ताई, काय बघताय?" आई म्हणाली, "डोकं." मालक म्हणाले, "डोक्यासाठी ही मऊ चांगली."

ते नवरा-बायको हसले. मी पण हसलो असतो, दुसऱ्या कोणाची आई असती तर.

मी उठलो, ग्लास सांडला. सांडत नाही म्हणून जे विकतो तेच सांडलं. आईला हाताला धरून बाहेर आणलं. रस्त्यात म्हणाली, "सगळ्यात गंमत केलीस, मी काही म्हटलं नाही. हिच्यात करायला नको होतीस."

मला सांगता येत नाही, ताई. मला दुसरं काहीच येत नाही, नुसतं बोलता येतं, आणि तेही आता चालत नाही. एक ओळ लिही. "डोकं मिळालं" एवढीच. तुझं अक्षर बघितलं की तिला पटेल. रिकामं पाकीट पाठवलंस तरी चालेल, वर पत्ता तुझ्या हातचा असला म्हणजे झालं.

ती माझ्याशी बोलते. पण जेवलास का, एवढंच.

टिवल्या


११ सप्टेंबर

ताई,

काही नाही. एक सांगायचं राहिलं होतं. आवरताना खणात डबी सापडली. डोळे पाठवायचे विसरलो मी डोक्याबरोबर. दोन्ही इथेच राहिले. एवढं डोकं लावून डोकं पाठवलं आणि डोळे नाहीत.

पाठवू का? की डोकंच पोचलं नाही?

टिवल्या


५ ऑक्टोबर

ताई,

तुझं खोकं आलं.

दुपारी आलं, मी घरी होतो, सुट्टी होती. वर तुझं अक्षर. आईने ते खोकं हातात घेतलं, अक्षराकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "खरंच पाठवलं होतंस तू." मी म्हटलं, "नाही, मी पिठातच लपवलं होतं, पिठाने पोस्ट केलं." तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बोटं वाकत नाहीत, नुसता तळवा फिरतो, इस्त्री फिरते तसा. मी बरा होतो तोपर्यंत.

चिकटपट्टी मी कापली. आई चष्मा घेऊन समोर बसलेली, केस नीट केलेले. कापूस. कापसाखाली माझा मोजा, धुवून, इस्त्री करून, घडी घालून. तुझ्या डोक्यात काय चालतं गं? मोज्याला इस्त्री?

आणि त्याच्याखाली थोरलीचं डोकं.

नवीचं नाही. थोरलीचं. जसं होतं तसं. बॉलपेन तसंच.

चिठ्ठी नाही. मी खोकं उलटं करून झटकलं, कापूस पिंजून बघितला.

खरं सांगू, पहिल्यांदा मला तुझा भयंकर राग आला. मनात म्हटलं, ही काय बाई आहे, आईने तीन महिने एकेक टाका घातलाय आणि हिने हे तोंडावर मारलं. मी पटकन कापूस परत टाकला आणि म्हटलं, "आई, यात काही नाही, रिकामं पाठवलंय." आयुष्यात पहिल्यांदा चांगल्या कामासाठी खोटं बोललो आणि तेच तिला कळलं.

"दे," म्हणाली.

दिलं. तिने दोन तळव्यांमध्ये धरलं, कप धरते तसं, आणि खिडकीपाशी गेली. ताई, तिने ते कधी जवळून बघितलंच नव्हतं. त्या दिवशी तू ओढून घेतलंस, आणि सकाळी तू नव्हतीस. एका डोळ्यावरून गोल गोल गोल फिरवलंय पेन, पोरं ढग काढतात तसं. गालावर एक रेघ थेट कानापर्यंत. ओठाचा तुकडा खरवडला गेलाय.

आई खूप वेळ बघत होती. मग म्हणाली, "किती दाबून ओढलंय रे."

मी म्हटलं, "मी साफ करतो. थिनर लावून बघतो. थोडं निघेल."

"हात लावायचा नाही."

तोच आवाज, मावशीच्या वेळचा. मी हात मागे घेतला.

मग म्हणाली, "आकडा आण." मी म्हटलं, कशाला? म्हणाली, "नवी किती दिवस पेन्सिल घालून उभी राहणार?" पेन्सिल काढली, इलॅस्टिक ओढलं, मी धरलं, मीच आकडा लावला, आईने फक्त डोकं वर धरून ठेवलं. बसलं बरोबर. तिने मापाची घेतली होती ना.

रंग जुळत नाही. थोरली जुनी, पिवळी पडलीय, नवी पांढरी फटक. मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात ते लांबून कळतं. मी म्हटलं, "कोट घालू, कॉलर उभी आहे, झाकून जाईल." आईने कोट घालायला लावला, आणि मग कॉलर खाली दुमडायला लावली. दिसू दे म्हणाली.

कोटाला एक बटण लावायचं राहिलंय, वरचं. मी म्हटलं, मी लावतो. म्हणाली, "तू गादीवर उड्या मार."

आता ती उभी आहे मध्ये. बॉलपेनचा डोळा बाहेरच्या बाजूला. आईने काच पुसली, माझ्याकडून पुसून घेतली, हे जरा, ते जरा. मावशी येणार आहे रविवारी. आईने मला सांगितलंय, कपाटावर पडदाबिडदा टाकायचा नाही.

मला कळत नाही ताई, तू हे रागाने पाठवलंस की कशाने. मी आईला विचारलं, तिला काय म्हणायचंय याच्यातून? आई म्हणाली, "नवीचं डोकं परत पाठवलं का तिने?"

"नाही."

"मोजा परत पाठवला."

"हो."

"मोजा पाठवला, डोकं ठेवून घेतलं." एवढंच म्हणाली आणि आत गेली. मग मला तिच्या नाक शिंकरण्याचा आवाज आला, मी रेडिओ लावला.

म्हणजे तुझ्याकडे आता थोरलीचं अंग आणि नवीचं डोकं, आमच्याकडे नवीचं अंग आणि थोरलीचं डोकं. तू तिचा चेहरा करतेयस का, केलास का, की तशीच खणात पडलीय, मला काही माहीत नाही. मी नुसता दोन्हीकडे बघतो. तुलाही काही करायला लावू शकत नाही आणि आईच्या बोटांनाही.

पण डोळे इथे आहेत. राखाडी, डबीत, मशीनवर ठेवलेत. मी म्हटलं, पोस्टाने पाठवून देतो उद्याच, मोज्यात घालून. आई म्हणाली, "काचेचे आहेत. फुटतील. न्यायला ये म्हणावं तिला."

नाही. "न्यायला ये" असं नाही म्हणाली ती. ती "फुटतील" एवढंच म्हणाली. पुढचं माझं.

टिवल्या